पायथ्याची चिंधी

नमुना मी उचलला होता. हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना कुणी माझ्यासाठी हळहळत बसायला नको. ज्या बाईचा तो नमुना, तिनं तो स्वतःच्या डोक्यातून काढला होता. तो शेडच्या बाहेर न्यायचा नाही असं लिहिलेल्या कागदावर माझी सही होती. सही, अंगठा नाही. मी चौथी शिकले आहे. कागद मी बोट ठेवून वाचला होता आणि मला तो कळला होता. मला कुणी फसवलेलं नाही.

आमचं गाव रेवसच्या रस्त्यावर, खाडीच्या अंगाला. तिथून मांडव्याकडे जाताना मुंबईच्या लोकांचे बंगले लागतात. त्यातल्या एका बंगल्याच्या मागे पत्र्याची मोठी शेड आहे. तिथं आम्ही सात बायका गोधड्या शिवायचो. मालकीण मुंबईची, पन्नाशीची, केस कापलेली. दर गुरुवारी रो-रो बोटीनं यायची आणि सोमवारी परत जायची. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. कापड ती स्वतः कापायची, तुकड्यांवर खडूनं आकडे टाकायची, आणि आम्ही ते जोडून वर धावदोरा घालायचो. माझी सून तिथं पहिल्या दिवसापासून होती आणि तिनंच मला नेलं. माझ्या डोळ्यांनी आता सुईत दोरा ओवला जात नाही, पण कुणी ओवून दिला तर टाका अजून सरळ पडतो. म्हणून मॅडमनं मला काठाचं काम दिलं होतं. गोधडी सगळी तयार झाली की शेवटी काठ घालायला माझ्या मांडीवर यायची.

आता आमच्या आळीतली रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

माझ्या लहानपणी आळीत प्रत्येक घरात गोधड्या व्हायच्या. जुनी लुगडी, फाटके सदरे, जे असेल ते. प्रत्येक बाईची जोडायची तऱ्हा वेगळी. कुणी चौकोनात चौकोन घालायची, कुणी काठाला तिरक्या पट्ट्या लावायची. दुसरीचा नमुना आवडला तर घेता यायचा, पण मागून. तिच्या दारात जायचं, पदराचा एक कोपरा धरायचा आणि चिंधी मागायची. ती आपल्या गोधडीतल्याच कापडाचा बोटभर तुकडा द्यायची. तो तुकडा आपल्या गोधडीत पायथ्याच्या कोपऱ्याला लावायचा. पाहुणी आली आणि गोधडीचं कौतुक केलं की आधी पायथा उलटून बघायची आणि विचारायची, चिंधी कुणाची? मग सांगायचं, खालच्या घरातल्या काकीची. चिंधी नसलेला, दुसरीसारखा नमुना दिसला की त्या बाईला आळीत दुसरं काम काय करतेस असं विचारायचे, म्हणजे तिला चोर ठरवायचे. आणि मागणारीला नाही म्हणायचं नसायचं. या दोन्ही गोष्टी मिळून रीत पुरी व्हायची. त्यातली एकच धरली तर काय होतं ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

त्या वर्षी नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. माहेरीच बाळंतपण करायचं असं ठरलं होतं. बाळासाठी गोधडी मीच करणार हेही ठरलेलं. ही शेवटची, असं मी मनाशी धरलं होतं. बोटं सुजतात, डोळे गेले, उगाच कशाला ओढायचं.

त्याच दिवसांत मॅडमचा नवा नमुना माझ्या मांडीवर आला. निळ्या आणि राखाडी पट्ट्या, एकाखाली एक. पहिल्यांदा बघून मी म्हटलं, यात काय आहे, पट्ट्याच तर आहेत. सून म्हणाली, लांबून बघा. भिंतीला टांगल्यावर बघितलं तर ओहोटी लागलेल्या किनाऱ्याची वाळू. पाणी मागे सरकताना वाळूवर ज्या वळ्या पडतात, त्या. मध्ये एक जागा नुसती पांढरी, तिथं कापडाची पट्टी नाही, फक्त टाके. मी जन्मभर ती वाळू तुडवली, मासळी सुकवायला तिच्यावर बसले, पण मला ते कधी कापडात दिसलं नव्हतं. तिला दिसलं. हे खरं आहे आणि मी ते कबूल करते.

मला तो नमुना हवा झाला.

फोनवर फोटो काढायचा नाही, असं कागदात होतं. कागदावर उतरवून घ्यायचा नाही, असंही होतं. मी दोन्ही केलं नाही. काठ घालताना मी हातात एक जाडा पांढरा दोरा ठेवायची. तो पट्टीवर धरायचा, पट्टी संपली की गाठ मारायची. पुढची पट्टी, पुढची गाठ. एक पट्टी दुसरीसारखी नव्हती. कुठं अर्धं बोट कमी, कुठं टाक्याएवढीच. रोज चार-पाच पट्ट्या व्हायच्या. जेवायच्या सुट्टीत दोरा गुंडाळून चंचीत सुपारीच्या शेजारी ठेवायची. माझ्या आईनं असेच नमुने दोऱ्यावर घेतले होते, मला दुसरं येतच नाही. पण चंचीत लपवून नाही, मागून घेतले होते. त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की कागदात दोऱ्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

आणि चिंधी? मॅडम त्या दिवशी मुंबईला होती. ते निळं कापड तिनं स्वतः रंगवलं होतं, शेडच्या मागं पिंपात बुडवून, वर पांढरे काटे उठलेले, माशाच्या काट्यासारखे. त्याचे उरलेले तुकडेसुद्धा ती बिस्किटाच्या डब्यात ठेवायला सांगायची. काठ सरळ करताना बोटभर तुकडा निघाला, तो डब्यात जायला हवा होता. मी चंचीत टाकला.

घरी आल्यावर जुन्या साड्या काढल्या. सुनेची निळी, माझी राखाडी, नवऱ्याच्या धोतराचा पांढरा भाग. गाठी मोजून पट्ट्या कापल्या आणि शिवल्या. पायथ्याला चिंधी लावली. गोधडी चांगली झाली. पणती झाली, बाराव्या दिवशी तिला त्या गोधडीत घालून विहारात नेलं. तिथं बायकांनी हात फिरवून बघितलं. पण पायथा कुणी उलटला नाही. ती रीत माहीत असलेल्या बायका आता उरल्या नाहीत.

नातीनं फोटो काढला आणि फोनवर स्टेटस ठेवलं. खाली लिहिलं, माझ्या आजीने शिवलेली. फोटोत पणतीचा एक पाय बाहेर आला होता आणि त्या पायाशी ती निळी चिंधी काट्यांसकट दिसत होती. नातीनं काढलेला तोच फोटो सुनेनंही आपल्या फोनवर ठेवला, बाळाच्या कौतुकात नमुना कुणाचा हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. सुनेच्या फोनमध्ये मॅडमचा नंबर होता, मॅडमच्या फोनमध्ये सुनेचा.

त्याच दिवशी सुनेच्या बहिणीचा उरणहून फोन आला. तिच्या लेकीलाही दिवस गेले होते. म्हणाली, अशीच एक करून द्या, फुकट नको. मी हो म्हटलं. शेवटची म्हणाले होते, पण कुणी मागितलं की माझ्या अंगात येतं. त्याच दोऱ्यावर दुसरीच्या पट्ट्या कापून ठेवल्या.

बुधवारी मॅडमचा फोन आला. सून परसात भांडी घासत होती, ओल्या हातानंच फोन कानाला लावला. मी ओट्यावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती हो मॅडम, हो मॅडम एवढंच म्हणत होती. फोन ठेवून तिनं मला सांगितलं, शनिवारी सकाळी दोघींनी शेडमध्ये यायचं आणि गोधडी घेऊन यायचं. मॅडमला ती गोधडी ताब्यात हवी आहे. ती उसवून टाकणार.

नात आतून ऐकत होती. ती म्हणाली, माझ्या पोरीच्या अंगावरची मी देणार नाही, तिला काय करायचं ते करू दे. सुनेनं तिला गप्प केलं, पण तीही माझ्याशी नीट बोलेना. तिचं म्हणणं बरोबर होतं. शेडमध्ये तिचा शब्द चालत होता, नव्या बायका तीच आणायची, आणि तिनंच आणलेल्या सासूनं तिच्या तोंडाला काळं लावलं होतं. जेवताना तिनं ताट माझ्यापुढे जरा जोरात ठेवलं. मी जेवले. भांडण असलं तरी भूक लागतेच.

शुक्रवारी आम्ही मिनीडोअर रिक्षानं अलिबागला गेलो. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक वकील बाई बसते. नातजावयानं न्हावा शेव्याहून फोन करून तिची वेळ घेतली होती. लहान वयाची, पण ऐकून घेणारी. तिनं मला तीन गोष्टी विचारल्या. गोधडी कुणासाठी केली, विकली का, आणि सही कशावर केली.

मी सगळं सांगितलं. दोरा दाखवला. दुसरीच्या कापलेल्या पट्ट्यांचंही सांगितलं, तेव्हा सुनेनं मान फिरवली.

वकील बाईनं साध्या शब्दांत समजावलं. दुसऱ्याचं चित्र बघून आपल्या घरात पांघरायला एक केलं, तर त्याच्यावर सहसा कुणी कोर्टात येत नाही, आणि आलं तरी वकिलाला माझ्या बाजूनं बोलायला जागा आहे. विकायला केलं की ती जागा संपली. सहीचा कागद ही वेगळी गोष्ट, तो कामाचा करार, त्यावरून मॅडम कामावरून काढू शकते. पण सगळ्यात वाईट म्हणजे कापड. नमुना कुणाचा यावर वाद घालता येतो, कापड कुणाचं यावर नाही.

"तो तुकडा काढून टाका, आजी," ती म्हणाली. "तेवढं केलंत की तुमची बाजू स्वच्छ."

खाली उतरल्यावर सुनेचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. तिनं समोरच्या दुकानातून दाढीचं ब्लेड घेतलं. घरी आल्यावर पणती पाळण्यात झोपली होती. सुनेनं तिच्या अंगावरची गोधडी अलगद काढली, पायथा मांडीवर घेतला आणि चिंधीच्या टाक्यात ब्लेड घातलं. मी तिच्या हातातून गोधडी ओढली. ब्लेड माझ्या अंगठ्याला लागलं, फार नाही.

तिला वाटलं मला वेड लागलं. मी रीत सांगितली. तिला ती आधी कधी सांगितली नव्हती, ती आली तोवर आळीत सगळे बाजारातल्या चादरी घ्यायला लागले होते.

"आई, तुमची रीत तुमच्या आळीपुरती," ती म्हणाली. "त्या बाईला काय ठावं? तिला त्यात चोरीच दिसल."

"आनि चिंधी काढली तर मला दिसल."

"तुमाला दिसून काय व्हतंय? नोकरी माझी हाय."

अंगठ्याला हळद लावली आणि गोधडी उशाखाली घेऊन दुपारभर पडून राहिले. सुनेनं ब्लेड कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं. संध्याकाळी तिनं एवढंच सांगितलं की तिथं दुसऱ्या गोधडीचा विषय काढू नका. विचारलं तर न्हाय म्हणा. तिच्या बहिणीला ती काहीतरी सांगेल.

शनिवारी शेडमध्ये बाकीच्या पाचही जणी कामावर होत्या. मॅडमनं त्यांना सुट्टी दिली नव्हती. मुद्दाम की तसंच, ते मला माहीत नाही. सगळ्यांच्या माना खाली आणि सगळ्यांच्या सुया थांबलेल्या. मॅडमनं लांब टेबल मोकळं केलं होतं. त्यावर तिची गोधडी पसरली होती. तिनं माझी घेतली आणि शेजारी पसरली. माझी निम्म्या मापाची वाटावी अशी दिसत होती, पण तसं नव्हतं. मी तीच मापं घेतली होती, फक्त बाजूंनी तिच्याइतकं मोकळं कापड सोडलं नव्हतं.

तिनं लोखंडी टेप काढला आणि पट्ट्या मोजायला लागली. एक तिची, एक माझी. पाच-सहा मोजल्यावर तिचा हात थांबला. मग सगळ्या मोजल्या. शेडमध्ये टेपचा आवाज तेवढा होत होता. एका पट्टीत गव्हाच्या दाण्याएवढा फरक निघाला, बाकी नाही.

"फोटो कुणी काढला?" तिनं सुनेकडे बघून विचारलं.

"तिनं न्हाय, मॅडम. कुनीच न्हाय," मी म्हटलं. "फोन मला चालवता येत न्हाय." आणि चंचीतून दोरा काढून टेबलावर ठेवला.

तिला आधी कळलं नाही. मी एक गाठ पट्टीच्या टोकाला धरून दाखवली, मग दुसरी. तिनं दोरा हातात घेतला आणि गाठी बोटांतून सरकवत शेवटपर्यंत गेली. मागं कुणीतरी नाकातून हसलं.

"हे कागदात लिहायचं माझ्या डोक्यात आलं नाही," मॅडम म्हणाली. ती हसत नव्हती.

मग तिनं सांगितलं, आम्हा दोघींना, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोन वर्षांपूर्वी शेडमधल्या एका बाईनं एका नमुन्याचे फोटो बाहेर दिले होते. ती बाई आम्हाला माहीत होती, का गेली ते माहीत नव्हतं. वर्षभरानं मॅडम मुंबईत रस्त्यानं जात होती आणि फुटपाथवर तिचा नमुना चादरींवर छापून टाकलेला होता, ढिगानं. त्या नमुन्याच्या गोधड्या नंतर कुणी घेतल्या नाहीत. घ्यायला आलेल्या बाईनं तिलाच विचारलं होतं की तुम्ही हे फुटपाथवरनं उचललं का. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, मग मलाही ओरडता आलं असतं.

"आजी, अशी अजून एखादी केली आहेत?"

सुनेनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. मी तिच्याकडे बघितलं नाही. खोटं बोलायची मला सवय नाही असं मी म्हणणार नाही, सगळ्यांना असते. पण समोर टेपनं मोजलेलं होतं. एवढं मोजून झाल्यावर खोटं बोललं तर ते बसत नाही.

"पट्ट्या कापल्यात. शिवली न्हाय. हिच्या बहिनीच्या लेकीला द्यायची व्हती."

"विकत?"

"व्हय."

सुनेचा पाय माझ्या पायावरून निघाला. मॅडम खुर्चीत बसली. ती म्हणाली की पणतीसाठी एक केली असती तर तिला राग आला असता, पण तो गिळला असता. दुसरी कापली तिथं तो विषय संपला. त्या पट्ट्या उद्या आणून द्यायच्या. मी देते म्हटलं. त्यात मला काही बोलायचं नव्हतं.

मग तिनं माझी गोधडी पुढे ओढली, पायथा उलटला आणि कात्री घेतली. मला वाटलं उसवायला बसणार. पण तिनं कात्री टेबलावर माझ्याकडे सरकवली.

"हे माझं कापड काढून द्या. बाकीची घेऊन जा. लहान मुलीच्या अंगावरून काढून घेऊन मी काय करू?"

सुनेनं मोठा श्वास सोडला. मागं कुणीतरी सुई पुन्हा चालवायला घेतली. सगळ्यांना वाटलं मिटलं. मलाही दिसत होतं की ती मोठं मन करते आहे. कात्री घ्यायची, चार टाके कापायचे आणि घरी जायचं. वकील बाईनंही तेच सांगितलं होतं, सुनेनंही.

मी कात्री उचलली नाही.

"चिंधी निघाली तर गोधडीच तुमच्याकडं ठेवा," मी म्हटलं.

सून माझ्या नावानं काहीतरी पुटपुटली, ते इथं लिहीत नाही. मॅडमनं विचारलं की का. मी सांगितलं. जसं वर लिहिलं तसंच, पदर, चिंधी, पायथा, पाहुणी. ती चिंधी काढली तर ही गोधडी मी माझ्याच डोक्यातून केली असं होतं. ती माझ्या डोक्यातून आलेली नाही. हे तुमचं आहे हे सांगायलाच ते कापड तिथं आहे, म्हणून लपवलं नाही, पायथ्याला उघडं लावलं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं ते मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"तुमच्याकडे ती मागून घेतात म्हणालात. तुम्ही मला मागितली होती का?"

तुम्ही मुंबईला होता, असं म्हणता आलं असतं, पण गुरुवारी ती आली असती. खरं ते असं की मी मागितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं, म्हणून मागितलं नाही. आमच्या रीतीत नाही म्हणायचं नसतं, पण ती आमच्या रीतीत कुठं होती? माझ्या सोयीनं मी रीत निम्मी घेतली होती. चिंधी लावायची तेवढी ठेवली, मागायची टाकून दिली. माझ्या आईनं मला दारात उभं केलं नसतं.

आणखी एक गोष्ट माझ्या तोंडावर आली होती. तिच्या प्रत्येक गोधडीचा काठ माझ्या हाताचा आहे, कोपरा मोडायची तऱ्हा माझ्या आईची आहे, आणि ती गोधडी तिच्या नावानं जाते. पण ते मी बोलले नाही. काठाची मजुरी मी घेत होते आणि तऱ्हा मी आपणहून दाखवली होती. त्याचा हिशोब आता काढणं म्हणजे कोपऱ्यात सापडल्यावर चावणं.

"न्हाय मागितली," मी म्हटलं.

"मग?"

मी उठले. गुडघे धरून उठावं लागतं, वेळ लागला. पाच बायका, सून आणि ती, सगळ्या बघत होत्या. भीक मागताना बाई दोन्ही हातांनी पदर पसरते. चिंधी मागताना एकच कोपरा, दोन बोटांत. पण हे बघणाऱ्यांना कुठून कळणार? त्यांना मी भीक मागतानाच दिसले असणार. मी कोपरा धरला.

"आता मागते. पनतीच्या एका गोधडीपुरता तुमचा नमुना मागते आनि चिंधी मागते. न्हाय म्हनायचं तर म्हना, तुमी आमच्या रीतीतल्या न्हाय. गोधडी ठेवून जाते."

तिनं पायथ्याची चिंधी बोटानं चाचपली, टाके बघितले. टेबलावरची कात्री उचलली तेव्हा मला वाटलं झालं. तिनं कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली.

"दिली," ती म्हणाली. "ही एक. दुसरी नाही."

मी पदर खोचला. बसणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण आजी, सोमवारपासून तुम्ही इथे येऊ नका. तुमच्या हातात दोरा दिसला की मी मोजत बसेन."

सुनेचं काय, ते मी विचारलं. तिनं सांगितलं की तिचा यात हात नाही, ती येईल. फोटो ठेवला त्याबद्दल मॅडम तिच्याशी वेगळं बोलेल. मी बरं म्हटलं. मी तिच्या जागी असते तर मीही मला काढलं असतं, आणि इतक्या सावकाश नाही.

गोधडी काखेत घेऊन बाहेर पडले. मिनीडोअरची वाट बघताना सून म्हणाली, एवढं नाक वर करून काय मिळालं, बसल्या जागची रोजी गेली. मी म्हटलं, गोधडी मिळाली. ती म्हणाली, ती चिंधी काढूनही मिळत होती. आम्हा दोघींचं यावर अजून जमलेलं नाही.

रविवारी मी दुसरीच्या पट्ट्या गठ्ठा बांधून सुनेच्या हाती पाठवल्या. दोरा त्यातच घातला. मॅडमनं तो मागितला नव्हता. उरणला फोन मीच केला आणि गोधडी होणार नाही म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. सुनेची बहीण म्हणाली की एवढं कुणाला कळणार होतं, जगात सगळेच सगळ्यांचं बघून करतात. तिचंही चूक नाही. ती सध्या फोन करत नाही.

पणतीनं गोधडी आतापर्यंत चांगलीच मळवली आहे. घरी कुणी आलं आणि नात म्हणाली की माझ्या आजीनं केली, तर मी ओट्यावरून सांगते की शिवली मी, नमुना बंगल्यातल्या बाईचा. आधी घेतला आणि मग मागितला, हेही सांगते. नातीला ते आवडत नाही.

उरणच्या लेकीला सातवा लागला आहे. मी एकदा हो म्हटलं होतं, तेव्हा काहीतरी द्यायला हवं, फुकट. दुसऱ्या कुणाचा नमुना घ्यायचा नाही असं ठरवून बसले आहे. दिवसभर मोकळीच असते. जुन्या साड्यांचे तुकडे जमिनीवर मांडते, बघते, गोळा करते. एकदा मांडलं ते आईच्या चौकोनासारखं झालं, एकदा शेजारणीच्या तिरक्या पट्ट्यांसारखं. एकदा मला वाटलं जमलं, आणि लांबून बघितलं तर तीच ओहोटी. परवा शिवलेलं पुन्हा उसवलं. आज परत मांडलं आहे, आणि अजून तरी ते कशासारखंच दिसत नाही.